ना वास, ना डाग : पोरांच्या खिशातली ई-सिगारेट आपल्याला दिसत का नाही?

श्रीगोंद्यातल्या आमच्या ओळखीच्या एका घरातली ही गोष्ट. मुलगा अकरावीला, शिकायला पुण्यात होस्टेलवर. सुट्टीला घरी आला. आईनं कपडे धुवायला काढताना त्याची बॅग रिकामी केली. तळाशी बोटाएवढी, गुलाबी-निळ्या रंगाची एक गुळगुळीत वस्तू सापडली. तिला वाटलं, पोरं पुस्तकात रेघा मारायला वापरतात तो हायलायटर असेल. तिनं तो उचलून पेनांच्या डब्यात ठेवला. चार दिवस तो तिथंच होता. त्याच टेबलावर बसून वडील दुकानाचा हिशेब लिहीत होते.

पाचव्या दिवशी धाकट्या बहिणीनं गंमत म्हणून ती वस्तू तोंडात धरून ओढली. तिला ठसका लागला आणि डोळ्यांतून पाणी आलं. तेव्हा घराला कळलं की हा हायलायटर नाही, ई-सिगारेट आहे. पोरं याला 'व्हेप' म्हणतात.

वडिलांनी हात उगारला. पोरगं मागे सरकलं नाही. एवढंच म्हणालं, "अब्बा, तुम्ही रोज मावा खाता. मी तर नुसती वाफ घेतो."

वडिलांचा हात तसाच राहिला. हे त्यांनीच आम्हाला सांगितलं आणि वर विचारलं, "आता याला काय उत्तर द्यायचं?" त्यांच्या या प्रश्नाचं उत्तर आम्ही इथं शोधणार आहोत. हा प्रश्न त्या एका बापाचा नाही. ज्यांची पोरं पुण्यात, नगरला, बारामतीला शिकतात आणि ज्यांच्या हातात फोन आहे, अशा तालुक्यातल्या प्रत्येक घराचा आहे.

आपली राखण वासावर होती

आजवर आपण पोरांवर लक्ष कसं ठेवलं, ते आठवून बघा. पोरगं बाहेरून आलं की आई जवळ बोलावायची. शर्टाला बिडीचा वास येतो का, बोटं पिवळी पडलीत का, दात लाल झालेत का, पायरीच्या कोपऱ्यात पिचकारी दिसते का, हे बघायची. खिशात पुडी, काडेपेटी, चुन्याची डबी सापडली की चोरी पकडली जायची. कट्ट्यावरचे चाचा घरी येऊन सांगायचे, "तुमचा पोरगा टपरीवर दिसला होता."

म्हणजे आपली सगळी राखण नाकाच्या आणि डोळ्याच्या भरवशावर होती. ई-सिगारेट नेमकी तिथंच आपल्याला चकवते. तिला काडी लागत नाही, राख पडत नाही, डाग राहत नाही. वास आलाच तर आंब्याचा, टरबुजाचा, नाही तर लिंबू-मिंटचा येतो आणि मिनिटभरात विरून जातो. लिंबाच्या बागा असलेल्या तालुक्यात लिंबाच्या वासावर कोण शंका घेणार? ती दिसायलाही पेनासारखी, पेन ड्राइव्हसारखी किंवा लिपस्टिकसारखी असते. फोनच्या चार्जरवर चार्ज होते. बाथरूममध्ये दोन झुरके मारून पोरगं बाहेर आलं तर शेजारच्या खोलीतल्या माणसालाही कळत नाही.

ही लपवाछपवी किती सोपी आहे, याची चर्चा थेट संसदेतही झाली. एक खासदार सभागृहात बसून ई-सिगारेट ओढतात, असा आरोप डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत झाला. तो खरा की खोटा, यात आम्ही शिरत नाही. पण कॅमेऱ्यांनी भरलेल्या सभागृहात असा वाद होऊ शकतो, तर होस्टेलच्या खोलीचं काय सांगावं?

वाफ म्हणजे पाणी नव्हे

"नुसती वाफ आहे" हे वाक्य पोरांच्या तोंडात कंपन्यांच्या जाहिरातींनी घातलं. त्यात आत काय असतं, ते साध्या शब्दांत समजून घेऊ.

आजची ई-सिगारेट २००३ मध्ये चीनमधल्या होन लिक नावाच्या औषधतज्ज्ञानं तयार केली. आत एक बॅटरी, एक तारेची कॉइल आणि एक द्रव असतो. झुरका घेतला की कॉइल तापते आणि त्या द्रवाचे बारीक कण होऊन फुप्फुसात जातात. द्रवात प्रोपिलीन ग्लायकोल, ग्लिसरीन, फ्लेवरची रसायनं आणि बहुतेक वेळा निकोटिन असतं. हे सगळं तापलं की त्यातून फॉर्मल्डिहाइड आणि अॅक्रोलिनसारखे त्रासदायक पदार्थ तयार होतात. कॉइलमधून निकेल, क्रोमियम, शिसं अशा धातूंचे कणही त्यात मिसळू शकतात. चहाच्या पातेल्यावरची वाफ वेगळी आणि ही वेगळी. खरं तर ही वाफच नाही, तो रसायनांचा फवारा आहे.

"माझ्यात निकोटिन नाही, झिरो लिहिलंय" असंही पोरं सांगतात. पण निकोटिन नाही असं छापलेल्या उत्पादनांतही तपासणीत निकोटिन सापडल्याची उदाहरणं आहेत. आपल्याकडे तर ही सगळी विक्रीच बेकायदा आहे. त्यामुळे पाकिटावर काय छापलंय आणि आत काय भरलंय, हे तपासणारं कुणीच नाही. चोरून आलेल्या मालाच्या लेबलवर किती विश्वास ठेवायचा, हे पोरांनीच सांगावं.

याचा सर्वात मोठा धडा अमेरिकेनं २०१९ मध्ये घेतला. व्हेप ओढणारी धडधाकट तरुण मुलं धाप लागून दवाखान्यात दाखल होऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत तिथं २,८०० हून अधिक रुग्णांची नोंद झाली आणि ६८ जण दगावले. प्रामाणिकपणे सांगायचं तर यातल्या बहुतेकांच्या व्हेपमध्ये गांजातला नशेचा घटक होता आणि तो पातळ करायला वापरलेल्या 'व्हिटॅमिन ई अॅसिटेट'वर मुख्य ठपका आला. हा माल बहुतेकांनी ओळखीपाळखीतून किंवा चोरट्या बाजारातून घेतला होता. आपल्याकडचा सगळाच माल चोरट्या बाजाराचा आहे. म्हणून ही गोष्ट आपल्याला लागू पडते.

सोळाव्या वर्षी निकोटिन काय करतं?

फुप्फुसाचं नुकसान व्हायला वेळ लागतो. पण पोरांच्या बाबतीत पहिला घाव डोक्यावर बसतो.

माणसाचा मेंदू साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. लक्ष देणं, शिकलेलं लक्षात ठेवणं, रागाला आवर घालणं, मोहाला नाही म्हणणं, हे सगळं सांभाळणारा मेंदूचा भाग सर्वात शेवटी तयार होतो. झुरक्यातलं निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचतं आणि तिथं आनंद देणारं डोपामिन सुटतं. वारंवार असं झालं की मेंदू त्याचीच वाट बघू लागतो. चाळिशीतल्या माणसालाही हे व्यसन लागतं, पण सोळा वर्षांच्या पोराला ते लवकर लागतं आणि घट्ट चिकटतं.

पूर्वी एक नैसर्गिक अडथळा होता. पहिली बिडी ओढली की घसा जळायचा, खोकला यायचा, मळमळायचं. अनेक पोरं त्या पहिल्या अनुभवातच लांब पळायची. नव्या ई-सिगारेटमध्ये 'निकोटिन सॉल्ट' नावाचा प्रकार वापरतात. त्यानं घसा कमी जळतो. वरून गोड चव. त्यामुळे पोरगं न खोकता जास्त निकोटिन ओढू शकतं. अमेरिकेत गाजलेल्या 'जूल' कंपनीच्या एका छोट्या पॉडमधलं निकोटिन साधारण एका सिगारेटच्या पाकिटाइतकं होतं. सिगारेट संपली की विझते, मोजता येते. व्हेप विझत नाही. उशीखाली ठेवून रात्रभर थोडं थोडं ओढता येतं.

मग घरात काय दिसतं? पोरगं चिडचिड करतं, अभ्यासात मन लागत नाही, झोप उडते, सारखं बाथरूमला जातं, तोंड कोरडं पडतं म्हणून पाणी जास्त पितं, कोरडा खोकला जात नाही. आपण म्हणतो, "मोबाईलनं डोकं बिघडवलंय." कधी ते खरंही असतं. पण कधी ती निकोटिनची तलफ असते. निकोटिननं हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतो, दम्याच्या मुलाचा दमा वाढू शकतो. आणि त्या घरातल्या धाकट्या बहिणीसारखं लहान मूल तो द्रव प्यायलं तर विषबाधा होऊ शकते, हे तर अनेक आईबापांच्या गावीही नसतं.

आणखी एक गोष्ट. 'सिगारेटपेक्षा बरं' म्हणून व्हेप घेणारी पोरं पुढे सिगारेटपासून लांब राहतात का? उलट घडतं. व्हेप ओढणारी किशोरवयीन मुलं पुढे सिगारेट ओढण्याची शक्यता इतर मुलांच्या जवळपास तिप्पट असते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे ज्याला पोरं पळवाट समजतात, ती बऱ्याचदा सिगारेटच्या दाराशीच जाऊन थांबते.

'परदेशात तर चालतं की!'

हा युक्तिवाद आपल्या समाजात जास्त ऐकू येतो, कारण आपल्या अनेक घरांतलं कुणी ना कुणी आखातात आहे. संयुक्त अरब अमिरातीत २०१९ पासून ई-सिगारेट उघड विकली जाते. सुट्टीला आलेला मामेभाऊ अत्तर, खजूर, चॉकलेटसोबत एखादी व्हेपही आणतो आणि घरातल्या पोरासमोर ऐटीत ओढतो. "दुबईत सगळे ओढतात," हे वाक्य त्या पोराच्या डोक्यात पक्कं बसतं. भारतात ई-सिगारेट आणणं हीच कायद्यानं बंदी असलेली आयात आहे, हे बहुतेकांना माहीतच नसतं.

दुसरं उदाहरण ब्रिटनचं देतात. तिथं वर्षानुवर्षं सिगारेट ओढणाऱ्या प्रौढांना ती सोडवण्यासाठी ई-सिगारेटचा आधार दिला जातो आणि काहींना त्याचा उपयोग होतो, हे खरं आहे. पण तो उपाय पन्नाशीतल्या सिगारेटवाल्यासाठी आहे. ज्यानं कधी बिडी हातात धरली नाही, अशा सोळा वर्षांच्या पोरासाठी तो नाही. ज्याला आजारच नाही, त्यानं औषध का घ्यावं? त्याच ब्रिटननं १ जून २०२५ पासून वापरून फेकायच्या व्हेपवर बंदी घातली. पोरांच्या हाती त्याच पडत होत्या, हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. ऑस्ट्रेलियानं जुलै २०२४ पासून व्हेपची विक्री फक्त औषध दुकानांपुरती ठेवली. म्हणजे परदेशातही चक्र उलटं फिरू लागलंय.

जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलं की जगभरात १३ ते १५ वयाची किमान दीड कोटी मुलं ई-सिगारेट वापरतात. ज्या देशांची आकडेवारी आहे, तिथं मोठ्यांच्या तुलनेत मुलांचं प्रमाण सरासरी नऊपट आहे. जी वस्तू मोठ्यांची सिगारेट सोडवायला आली असं सांगितलं गेलं, ती मोठ्यांपेक्षा पोरंच जास्त ओढतात. एवढ्यावरूनच धंद्याचं गिऱ्हाईक कोण, ते कळतं.

कायदा कडक आहे, पण दुकान फोनमध्ये गेलं

भारतानं या बाबतीत वेळेत पाऊल उचललं, हे मान्य करायला हवं. सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये संसदेनं कायदा केला. ई-सिगारेट बनवणं, आयात-निर्यात करणं, विकणं, वाहतूक करणं, साठवणं आणि तिची जाहिरात करणं, सगळ्यावर बंदी आली. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केलं तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा ठेवायला जागा दिली तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. फौजदार आणि त्यावरच्या दर्जाचा अधिकारी झडती घेऊ शकतो. कायद्याचा रोख विकणाऱ्यावर आणि आणणाऱ्यावर आहे. नुसतं ओढण्यासाठी त्यात वेगळी शिक्षा नाही.

त्याच सुमारास, २०१९ मध्ये, देशभरातल्या १३ ते १५ वयाच्या शाळकरी मुलांची तंबाखू पाहणी झाली. त्यात २.८ टक्के मुलांनी कधी ना कधी ई-सिगारेट वापरल्याचं सांगितलं. ऐकायला आकडा छोटा वाटतो. पण शंभर मुलांच्या शाळेत जवळपास तीन पोरं.

बंदीनंतर धंद्यानं रस्ता बदलला. दुकानाच्या फळीवरून माल गेला आणि इन्स्टाग्रामवर, व्हॉट्सअॅप ग्रुपवर, वेबसाइटवर आला. जुलै २०२३ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं ई-सिगारेट विकणाऱ्या १५ वेबसाइटना नोटिसा पाठवल्या आणि तक्रारीसाठी ऑनलाइन पोर्टल सुरू केलं. बंदीला चार वर्षं होत आली तरी मंत्रालयाला हे करावं लागलं, यातच सगळं आलं. कुरिअरवाला पुण्यात येतो तसा श्रीगोंद्यातही येतो. खोक्यात मोबाईलचं कव्हर आहे की व्हेप, हे त्यालाही माहीत नसतं. पाच पोरं वर्गणी काढून एक मागवतात आणि आळीपाळीनं ओढतात.

गुटखाबंदीनं शिकवलेला धडा

नुसत्या बंदीनं काय होतं, हे आपल्या जिल्ह्याला नव्यानं सांगायची गरज नाही. महाराष्ट्रानं जुलै २०१२ मध्ये गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी घातली. तेव्हापासून ती वर्षावर्षाला पुढे वाढवली जाते. तरी पुड्या मिळायच्या थांबल्या का? आणि आपल्या नगर भागात तर मावा आहेच. सुपारी, तंबाखू, चुना एकत्र घोटायचा, प्लास्टिकच्या कागदात पुडी बांधायची. मावा बनवायच्या यंत्रावर छापा पडल्याची बातमी वाचून आता कुणी चमकतही नाही.

देशातल्या प्रौढांची तंबाखू पाहणी २०१६-१७ मध्ये झाली. त्यात महाराष्ट्रात धूर ओढणारे ३.८ टक्के आणि तंबाखू चघळणारे, मळणारे, दातांना लावणारे २४.४ टक्के निघाले. म्हणजे आपलं राज्य ओढणाऱ्यांपेक्षा चघळणाऱ्यांचं आहे. इथंच आम्हाला खरा धोका दिसतो. बिडी-सिगारेटला आपल्याकडे घरात थोडीतरी लाज आहे. मुसलमानांच्या घरांत तर दारूचं नाव निघालं तरी वादळ उठतं. पण मावा, तंबाखू, मिस्री यांना आपण व्यसन म्हणतच नाही. निकाहाच्या मांडवात, मय्यतीला जमलेल्या माणसांत, नमाजनंतर मशिदीबाहेरच्या गप्पांत पुडी सहज फिरते. पोरगं लहानपणापासून हेच बघतं. 'तोंडात काहीतरी असणं' त्याला पुरुषपणाचं लक्षण वाटतं. व्हेप त्याला या सवयीची स्वच्छ, शहरी आवृत्ती वाटते. ना पिचकारी, ना लाल दात.

म्हणून त्या पोराचं बोलणं अर्धं खरं होतं. तंबाखू आणि सुपारी दोन्ही कर्करोग करतात, हे पक्कं सिद्ध झालंय. मावा खाणाऱ्यांचं तोंड हळूहळू उघडेनासं होतं, घास आत जात नाही, हे आपण आपल्या गल्लीत पाहिलंय. बापाचा मावा पोराच्या व्हेपपेक्षा कमी घातक नाही, उलट त्याचे पुरावे जास्त जुने आणि जास्त भक्कम आहेत. पण यातून "मग मी ओढतो" हे निघत नाही. "मग दोघंही सोडू" हे निघतं.

आणखी एक सवय आपण आजच मोडली पाहिजे. "जा रे, टपरीवरून एक पुडी घेऊन ये," म्हणून दहा वर्षांच्या पोराला पाठवणं. १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणं २००३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विकणंही गुन्हा आहे. मुलाच्या हातात तंबाखूचा पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. ही कलमं टपरीवाल्याला दाखवण्याआधी आपण स्वतः वाचायला हवीत.

मशीद, शाळा आणि घर

मग करायचं काय? पोलिसांनी छापे टाकावेत, वेबसाइट बंद व्हाव्यात, हे सगळं व्हायलाच हवं. पण ज्या वस्तूला वास नाही तिच्यावर पोलीस किती लक्ष ठेवणार? तिथं फक्त बोलणं उपयोगी पडतं.

सुरुवात मशिदीपासून करू. जुम्याच्या बयानात पेश इमाम साहेबांनी वर्षातून दोन-तीन वेळा तरी तंबाखू आणि व्हेपवर बोलावं. शरीर ही अल्लाहची अमानत आहे, हे आपण पोरांना सांगतो. त्या अमानतीत मावाही येतो आणि व्हेपही, हे नाव घेऊन सांगावं. रोज्यात "ही तर वाफ आहे" म्हणून व्हेप ओढणारी पोरं आहेत. धूर असो की अशी वाफ, मुद्दाम आत ओढली तर रोजा तुटतो, असंच बहुतेक उलेमांचं मत आहे. ही गोष्ट रमजानच्या आधीच तरुणांना कळायला हवी.

रमजान ही सोडायची सर्वात मोठी संधीही आहे. निकोटिन सोडल्यावर तलफ पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वात जास्त असते, मग उतरत जाते. काही आठवड्यांत शरीर सावरू लागतं. रोजेदार दिवसाचे तेरा-चौदा तास तसाही लांब राहतो. इफ्तारनंतर टपरीकडे वळणारी पावलं तेवढी थांबवली, तर महिन्याभरात सवय सुटायला मोठी मदत होते. मशिदीच्या जमातीनं या महिन्यात पाच-सात तरुणांचा एक गट केला, एकमेकांना रोज विचारलं, तरी खूप झालं.

दुसरी शाळा. महाराष्ट्रात सलाम मुंबई फाउंडेशनसारख्या संस्थांच्या साथीनं 'तंबाखूमुक्त शाळा' हा उपक्रम अनेक ठिकाणी झालाय. भिंतीवर फलक लागले, शपथा झाल्या. आता त्या फलकावर ई-सिगारेटचं चित्रही हवं. शिक्षकांनी ती एकदा तरी फोटोत पाहिलेली हवी. शिक्षकच तिला पेन ड्राइव्ह समजले तर काय उपयोग? पोरगं सापडलं की दाखला हातात देणं हा उपाय नाही. शाळा सुटलेलं पोरगं व्यसनातून नाही सुटत, शिक्षणातून सुटतं. आणि शाळा सोडणाऱ्या पोरांची संख्या आपल्या समाजाला परवडणारी नाही.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं घर. पोराच्या बॅगेत अनोळखी, एका टोकाला बारीक भोक असलेली, चार्ज होणारी वस्तू दिसली तर आधी ओळखून घ्या. मारू नका. मार खाल्लेलं पोरगं सोडत नाही, जास्त चांगलं लपवायला शिकतं. आणि ही वस्तू लपवायला तर बनवलीच आहे. शांतपणे विचारा, कधीपासून, किती, कुणाकडून. उत्तर ऐकेपर्यंत तोंड बंद ठेवा. मग डॉक्टरकडे न्या. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे हा विषय काढायला लाजू नका. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. पोरगं फार उदास, बेचैन वाटलं तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. हे दोन्ही नंबर आज फोनमध्ये साठवून ठेवा.

सोडवता येतं, याचा पुरावा अमेरिकेतच आहे. २०१९ मध्ये तिथल्या हायस्कूलमधली २७.५ टक्के मुलं व्हेप ओढत होती. २०२४ मध्ये ते प्रमाण ७.८ टक्क्यांवर आलं. फ्लेवरवर आलेली बंधनं, कंपन्यांवरचे खटले, शाळांमधली जागृती, असं सगळं एकत्र आलं तेव्हा हे झालं. आपल्याकडे आग अजून तेवढी पसरलेली नाही. विझवायला हीच वेळ बरी.

हा प्रश्न एका मोहल्ल्याचा नाही

श्रीगोंद्याची ओळख सांगताना आपण अभिमानानं शेख महंमदांचं नाव घेतो. 'योगसंग्राम' लिहिणारे हे सूफी संत याच मातीत विसावले. हिंदू आणि मुसलमान दोघांनीही त्यांना आपलं मानलं. व्हेपही जात-धर्म विचारत नाही. होस्टेलच्या खोलीत ती ज्या पाच पोरांत फिरते, त्यात सगळ्यांची पोरं असतात. म्हणून मशिदीत झालेलं बोलणं सप्ताहाच्या मांडवातही व्हावं, उर्दू शाळेतला फलक जिल्हा परिषदेच्या शाळेतही लागावा आणि काष्टीच्या बाजाराला जाणाऱ्या बापानं परतताना पोराला फोन करून दोन शब्द जास्त बोलावेत. "पैसे पुरतात ना" एवढ्यावर फोन ठेवू नये.

आता त्या वडिलांच्या प्रश्नाकडे येऊ. "याला काय उत्तर द्यायचं?" आम्ही त्यांना सांगितलं, उत्तर तोंडानं देऊ नका, खिशातून द्या. मागच्या आठवड्यात ते पुन्हा भेटले. पोराला पुण्याला सोडायला गेले होते. एसटी स्टँडवर त्यांनी स्वतःच्या खिशातली पुडी काढून त्याच्यासमोर कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि म्हणाले, "मी पण सोडतोय. रोज रात्री एकमेकांना खरं सांगायचं."

"जमतंय का?" आम्ही विचारलं.

"दोनदा चुकलो," ते म्हणाले. "दोन्ही वेळा त्याला सांगितलं. मग तिसऱ्या दिवशी त्यानंही स्वतःचं सांगितलं."